भन्ते, मोबाइल आणि ऑनलाइन धम्मदेसना: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडणगड, दापोली, महाड, चिपळूणपासून खाली सावंतवाडीपर्यंतच्या बौद्धवाड्या आणि त्यांची मुंबईकर मंडळं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं थेरवादी विनयाला, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीला, धरून आहेत, कारण आपल्याकडचे बहुतेक भिक्खू (भन्ते) त्याच परंपरेतले आहेत. तिबेटी परंपरेतले भिक्खू किंवा त्रिरत्न बौद्ध महासंघाचे धम्मचारी यांचे नियम वेगळे आहेत; ते त्यांनाच विचारावेत.

१. भन्तेंनी मोबाइल वापरणं विनयात बसतं का?

पातिमोक्खाच्या, म्हणजे भिक्खूंच्या मूळ नियमसंहितेच्या, २२७ नियमांत मोबाइल कुठून येणार? म्हणून प्रश्न वस्तूचा नाही, तिच्यामुळे कोणत्या नियमांना धक्का लागतो याचा आहे. मोबाइल चार ठिकाणी धक्का देतो: पैसा (प्रश्न ८), स्त्रियांशी एकांतातलं बोलणं (प्रश्न १२), नाच-गाणं-तमाशा पाहणं, आणि बोलण्यातला संयम. यातला तिसरा सर्वांत सहज घडतो. सुत्त शोधायला यूट्यूब उघडलं, की खाली सिनेमाची गाणी हजर असतात.

म्हणून मोबाइल दोन ठेवावेत. भन्तेंकडचा फक्त बोलण्यापुरता, साधा. समाजमाध्यमांचा मोबाइल विहाराचा आणि तो उपासकांच्या ताब्यात. भन्ते देसना, म्हणजे धम्मप्रवचन, देतात. चित्रण, अपलोड, उत्तरं टाइप करणं हे उपासक करतात. पुढची निम्मी उत्तरं या एका व्यवस्थेतूनच निघतात. रिचार्जही कप्पियकारकानेच करावा, म्हणजे भन्तेंची सोय पाहणाऱ्या उपासकाने.

२. चॅनेल आणि ग्रुप कुणाच्या नावावर काढायचा?

विहाराच्या किंवा गावशाखेच्या नावावर. भन्तेंच्या नावावर नको, आणि "आमचा पोरगा कॉम्प्युटर शिकलाय" म्हणून त्याच्या खासगी जीमेलवर तर नकोच. तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. नवा ई-मेल काढा आणि यूट्यूबला 'ब्रँड अकाउंट' करा, म्हणजे एकाच चॅनेलला अनेक व्यवस्थापक जोडता येतात. दोन व्यवस्थापक ठेवा, एक गावातला, एक मुंबईतला. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि तिचे राखीव कोड कागदावर लिहून, पाकीट बंद करून विहाराच्या कपाटात ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. देसनेच्या ग्रुपवर 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' हे सेटिंग पहिल्या दिवशीच लावा. नंतर लावायला गेलं की तोंड बंद केल्याची तक्रार होते.

३. आमच्या वाडीत रेंजच नाही. लाइव्ह करायचं कसं?

पावसाळ्यात करूच नका. आषाढ ते आश्विन हा वर्षावासाचा (भन्तेंच्या एकाच जागी मुक्कामाचा) काळ, म्हणजे देसनेला सर्वांत अनुकूल. पण कोकणात वीज आणि टॉवर याच महिन्यांत दगा देतात. आदल्या दिवशी रेकॉर्ड करा, ज्याची मोटरसायकल सड्यावर जाते त्याच्याकडे फाइल द्या आणि रेंज मिळेल तिथून चढवा. ऐकणाऱ्याला फरक पडत नाही.

लाइव्हच हवं असेल तर हिशेब असा. ४८० पिक्सेलच्या चित्राला सलग साधारण १ एमबीपीएस अपलोड लागतं, म्हणजे तासाला सुमारे ४५० एमबी. नुसता आवाज ६४ केबीपीएसने पाठवला तर तासाला ३० एमबीसुद्धा लागत नाहीत. आधी स्पीड टेस्ट करा, आणि आकडा बघायचा तो डाउनलोडचा नाही, अपलोडचा. तो दीडच्या खाली असेल तर चित्र बंद करून आवाजच द्या. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह चालू करताना फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो आणि परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो; पौर्णिमेच्या दिवशी सकाळी खटपट करून उपयोग नाही.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. पत्र्याच्या विहारात पाऊस सुरू झाला की मोबाइलच्या माइकला दुसरं काही ऐकू येत नाही. तारेचा कॉलर माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर हवा. तो चीवराला अडकवला तर हात हलला की कापड घासून खरखर होते, म्हणून समोर छोट्या स्टँडवर बसवा. समुद्राकडून वारा असेल तर माइकवर स्पंजची टोपी चढवा.

४. कोणती वेळ ठेवावी?

सकाळी ११ ते १२ कधीच नको. भन्तेंचं भोजन मध्यान्हाच्या आत व्हावं लागतं, आणि "अजून पाचच मिनिटं भन्ते" म्हणता म्हणता त्यांना उपाशी ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत. मुंबईकर लोकलमधून उतरून घरी पोचतात आणि गावात जेवणं उरकतात ती रात्री साडेआठची वेळ बहुतेकांना जमते. लावणीच्या दिवसांत गावातली माणसं आठलाच आडवी होतात. तेव्हा रेकॉर्डिंग द्या. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी हे उपोसथाचे (शीलपालनाचे) दिवस ठरलेलेच आहेत, वेगळा वार शोधायची गरज नाही.

झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटवर तिघांहून अधिक असतील तर ६० मिनिटांत. झूमवर ३५व्या मिनिटाला समारोप सुरू करा. आशीर्वादगाथा अर्ध्यावर तुटली की लोकांना रुखरुख लागते.

५. अंथरुणात पडून देसना ऐकली तर पाप लागतं का?

तो नियम ऐकणाऱ्याला नाही, सांगणाऱ्याला आहे. सेखियातले, म्हणजे शिष्टाचाराच्या नियमांतले, १६ नियम भिक्खूला बांधतात: आजारी नसताना जो आडवा पडला आहे, पादत्राणं घालून आहे, वाहनात आहे, उंच आसनावर आहे, त्याला भिक्खूने धम्म सांगू नये. नकळत घडलं तर भन्तेंना दोष नाही, आणि पडद्यापलीकडचं त्यांना दिसतही नाही. म्हणून सुरुवातीला सूत्रसंचालकाने एकदा सांगावं: शक्य असेल त्यांनी खाली बसून ऐका, चपला काढा, टोपी काढा. आजी-आजोबा, बाळंतीण, आजारी माणूस यांनी पडून ऐकायला हरकत नाही. नियमातच आजाऱ्याला सूट आहे. लोकलमध्ये उभं राहून ऐकणाऱ्यांना लाइव्हपेक्षा रेकॉर्डिंग बरं.

६. नवीन लोकांना कुठून शिकवायला घ्यावं?

अंगुत्तर निकायातल्या (निकाय म्हणजे सुत्तांचा संग्रह) उदायी सुत्तात देसना देणाऱ्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत: क्रमाने सांगावं, कारण देऊन सांगावं, करुणेपोटी सांगावं, लाभासाठी सांगू नये, स्वतःला किंवा दुसऱ्याला घाव बसेल असं सांगू नये. इंटरनेट पहिलीच गोष्ट मोडतं. माणसाला आज शून्यतेची रील दिसते, उद्या पंचशील, परवा निब्बान. म्हणून चॅनेलवर प्लेलिस्ट करा आणि भागांना ठळक क्रमांक द्या. क्रम बुद्धांच्या आनुपुब्बिकथेचाच घ्या: दान, शील, सद्गती, कामभोगांतला धोका, त्यागाचा लाभ, आणि मग चार आर्यसत्यं.

प्रत्येक भाग २० मिनिटांच्या आत ठेवा. जे पाली वचन घेतलं ते लिहून पडद्यावर दाखवा, निकाय आणि सुत्ताच्या नावासकट.

७. ध्यान ऑनलाइन शिकता येतं का?

१० ते १५ मिनिटांचं आनापान (श्वासावर लक्ष) आणि मेत्ता (मैत्रीभावना), हो. त्यापुढचं आचार्यांसमोर बसून. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर निवासी असतं आणि तिथे मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करतात, याला कारण आहे: साधकाच्या चेहऱ्यावर, झोपेत, जेवणात काय बदल होतोय ते आचार्यांना दिसावं लागतं. पडद्यावर ते दिसत नाही. ज्यांची झोप उडाली आहे, भीती दाटते आहे, मनात स्वतःला संपवायचे विचार येत आहेत, त्यांना ध्यान वाढवायला सांगू नका. ध्यान थांबवायला सांगा, घरच्या माणसाला कळवा आणि डॉक्टरकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो. तो प्रत्येक ध्यानाच्या व्हिडिओखाली लिहून ठेवा.

८. देसनेच्या व्हिडिओवर भन्तेंचा क्यूआर कोड टाकला तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. निस्सग्गिय पाचित्तियाचा (वस्तू सोडून देऊन दोष कबूल करायचा वर्ग) अठरावा नियम भिक्खूला सोनं-रुपं स्वीकारायला, स्वतःसाठी स्वीकारवून घ्यायला किंवा आपल्यासाठी ठेवलेल्या पैशाला होकार द्यायला मनाई करतो. भन्तेंच्या स्वतःच्या यूपीआयवर आलेला पैसा यात थेट बसतो. हाताने नोट घेतली नाही म्हणून सुटका नाही.

रीतसर मार्ग विनयातच आहे, त्याच वर्गातल्या दहाव्या नियमात. दाता पैसे कप्पियकारकाकडे देतो आणि भन्तेंना कळवतो, "चीवर लागेल तेव्हा अमक्याला सांगा." भन्ते त्याला तीनदा तोंडी आठवण देऊ शकतात, त्यानंतर सहा वेळांपर्यंत मुकाट उभं राहू शकतात. तरी चीवर मिळालं नाही तर दात्याला कळवायचं: तुमचं दान उपयोगी पडलं नाही, परत घ्या. किती बारकाईने विचार केला आहे! आजच्या भाषेत: क्यूआर विहाराच्या ट्रस्टचा, खातं दोन विश्वस्तांच्या सहीचं, आणि दात्याने संदेशात 'चीवरदान', 'भोजनदान', 'औषध' असं लिहायचं.

ट्रस्टला ८०जी (दात्याला आयकरात सवलत देणारी मान्यता) असेल तर पावती द्या. रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर दात्याला करसवलत मिळत नाही, हे आधी सांगा. आणि क्यूआर व्हिडिओतच कोरून टाकू नका. लोक तेवढा भाग कापून स्वतःचा कोड चिकटवतात. तो फक्त चॅनेलच्या माहितीत ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, कारण पैसे अडवता येतील असा वेळ फार थोडा असतो.

९. आम्ही कमाई चालूच केली नाही, तरी देसनेच्या मध्ये जाहिरात कशी?

कमाईत वाटा मिळण्यासाठी चॅनेलला १,००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं (किंवा शॉर्ट्सचा वेगळा निकष) लागतं. पण तुम्ही त्या योजनेत नसलात तरी यूट्यूब तुमच्या व्हिडिओवर जाहिरात दाखवू शकतं. पैसे त्यांना, तुम्हाला काही नाही. तेव्हा दारूच्या, जुगाराच्या जाहिरातीवरून भन्तेंना दोष देऊ नका.

उलट योजनेत गेल्यावर जाहिरातींचे नको ते प्रकार बंद करता येतात आणि देसनेच्या मधोमध जाहिरात येणार नाही असं ठरवता येतं. तसं करायचं असेल तर खातं ट्रस्टचं, उत्पन्न ट्रस्टचं, हिशेब वार्षिक सभेत. ज्यांना जाहिरात मुळीच नको, त्यांनी आवाजाची फाइल व्हॉट्सॲपवर द्यावी. आमचं मत या दुसऱ्या मार्गाकडे झुकतं.

१०. आखातातला भाऊ किंवा लंडनची मावशी दान पाठवू शकते का?

पासपोर्ट बघा, देश नको. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईतून स्वतःच्या कमाईचं दान बँकेमार्फत पाठवत असेल तर ते विदेशी दान मानलं जात नाही. पासपोर्टची प्रत मात्र घेऊन ठेवा. मावशीने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी ती विदेशी स्रोत ठरते, अगदी रुपयांत दिलं तरी. असं दान घ्यायला ट्रस्टला एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. लहान विहारांकडे ते नसतं. अशा वेळी नम्रपणे नाही म्हणा.

११. सुत्ताच्या रीलला मागे संगीत लावावं का?

परित्ताला, म्हणजे रक्षणासाठी म्हणायच्या सुत्तपाठाला, नको. धम्म लांबलचक गायकी स्वरात म्हणण्याचे पाच तोटे बुद्धांनी सांगितले आहेत: म्हणणारा स्वतःच त्या स्वरावर आसक्त होतो, ऐकणारेही होतात, गृहस्थ टीका करतात, स्वर घोळवण्याच्या नादात समाधी भंगते, आणि पुढची पिढी तेच उचलते. साध्या लयीतलं पठण, म्हणजे सरभञ्ञ, याला परवानगी आहे. भीमगीतं, बुद्धगीतं उपासकांनी खुशाल गावीत, कोकणातल्या जलशांची ती थोर परंपरा आहे. फक्त ती भन्तेंच्या तोंडी किंवा भन्तेंच्या चित्रामागे नकोत.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. पाली गाथा कुणाच्या मालकीच्या नाहीत, पण दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं असतं. ते उचललं की चॅनेलवर हक्काचा दावा येतो.

१२. एखाद्या ताईंनी भन्तेंना रात्री खासगी मेसेज केला तर?

पाचित्तियाचा (दोष कबूल करून सुटणारा वर्ग) सातवा नियम सांगतो की जाणता पुरुष हजर नसताना भिक्खूने स्त्रीला पाच-सहा वाक्यांहून अधिक धम्म सांगू नये. तिने प्रश्न विचारला आणि त्याने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं तर मात्र दोष नाही. म्हणजे नियम ताईंना ज्ञानापासून दूर ठेवत नाही. एकांताला कुंपण घालतो, आणि ते दोघांच्याही रक्षणासाठी आहे.

चालेल अशी पद्धत: प्रश्न विहाराच्या नंबरवर, तो उघडणारे दोन उपासक, त्यात एक उपासिका हवीच. खासगी अडचण असेल तर भन्ते स्पीकरवर बोलतील आणि शेजारी कुणीतरी बसलेलं असेल, हे ताईंना आधी सांगायचं. व्हिडिओ कॉल एकट्याने नाही. आपोआप पुसले जाणारे संदेश बंद ठेवा. भन्तेंकडूनच नकोसा संदेश आला तर तो पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि विहाराच्या समितीला, गरज पडली तर पोलिसांना द्या. चीवराचा आदर म्हणून गप्प बसणं योग्य नाही.

१३. ग्रुपवर वधू-वरांचे बायोडाटा येतात. भन्तेंनी पुढे पाठवले तर काय?

हा प्रश्न लहान दिसतो, पण दोष मोठा आहे. लग्न जुळवण्यात मध्यस्थी करणं हा संघादिसेसाचा पाचवा नियम आहे, पाराजिकाच्या, म्हणजे भिक्खुपणच संपवणाऱ्या दोषांच्या, खालोखालचा वर्ग. निरोप घेणं, तो पोचवणं, उत्तर परत आणणं अशा तिन्ही गोष्टी केल्या तर पूर्ण आपत्ती, म्हणजे पूर्ण दोष. दोन केल्या तर थुल्लच्चय (त्याहून कमी दोष), एक केली तर दुक्कट (लहान दोष). बायोडाटा घेऊन समोरच्यांना पाठवणं म्हणजे दोन पायऱ्या झाल्याच, आणि "त्यांना मुलगी पसंत आहे" असं कळवलं की तिसरी.

बायोडाट्यांचा ग्रुप वेगळा करा आणि त्यात भन्तेंना घेऊ नका. लग्नविधी बौद्धाचार्य लावतात. भन्तेंनी मंगलसुत्त म्हणून आशीर्वाद देणं वेगळी गोष्ट आहे.

१४. कमेंटमध्ये शिव्या येतात. सहन कराव्यात की उत्तर द्यावं?

याचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. पुण्ण स्थविर सूनापरान्ताला जायला निघाले, तेव्हा तिथली माणसं तापट आणि कठोर आहेत, शिव्या देतील, असं बुद्धांनी सांगितलं. पुण्ण म्हणाले, हाताने मारत नाहीत एवढे ते भले, असं मी समजेन. अट्ठकथा (सुत्तांवरचं जुनं भाष्य) सूनापरान्ताचा संबंध सुप्पारक बंदराशी, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याशी जोडते. त्याच वर्षावासात त्यांनी तिथे ५०० उपासक आणि ५०० उपासिका धम्मात आणल्या, असं मज्झिम निकाय सांगतो.

ही खन्ती, म्हणजे सहनशीलता, भन्तेंची. उपासकांचं काम वेगळं आहे. कमेंट तपासूनच दिसतील असं सेटिंग ठेवा, ठरावीक शिव्यांची यादी अडवायला घाला. जातिवाचक शिवीगाळ मात्र फक्त पुसून टाकू नका: आधी दुवा, तारीख आणि नाव दिसेल असा स्क्रीनशॉट, मग तक्रार, मग ब्लॉक. १९९०च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे, त्यामुळे १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करण्याचा मार्ग त्यांना खुला आहे.

१५. "बुद्ध म्हणाले" म्हणून फिरणारी वाक्यं खरी कशी ओळखायची?

चार महापदेसांची कसोटी लावा: कुणी कितीही मोठ्या माणसाच्या नावाने सांगितलं तरी ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहायचं, जुळलं तर घ्यायचं, नाही तर सोडायचं. निकाय आणि सुत्ताचं नाव नसेल तर पुढे पाठवू नका. हल्ली भन्तेंचा हुबेहूब आवाज यंत्राने बनवून दान मागणारे व्हिडिओही येतात. विहाराच्या ठरलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.

१६. एक भन्ते व्हिडिओत "मी सोतापन्न (निब्बानमार्गाची पहिली पायरी गाठलेला) आहे" म्हणाले. त्यावर आम्ही पोस्ट करावी का?

नसलेली लोकोत्तर प्राप्ती जाणूनबुजून सांगितली तर चौथं पाराजिक, भिक्खुपणच संपतं. खरी असली तरी गृहस्थाला सांगणं हे आठवं पाचित्तिय. तेव्हा दोन्हीकडून असा व्हिडिओ चुकीचाच. पण ते भन्ते खोटं बोलले की भ्रमात होते, हे तुम्ही पोस्टमधून ठरवू शकत नाही. खरोखर तसं वाटून चुकीने बोललेल्याला पाराजिक लागत नाही. व्हिडिओ जतन करा आणि जवळच्या ज्येष्ठ भिक्खूंना दाखवा. दुसऱ्या भन्तेंनीही यावर लाइव्ह येऊ नये: भिक्खूची गंभीर आपत्ती संघाच्या संमतीशिवाय गृहस्थांना सांगणं नववं पाचित्तिय आहे. फौजदारी गुन्हा असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

१७. मुंबईकरांना येता आलं नाही. पुण्यानुमोदन (मृताच्या नावे करायचा विधी) व्हिडिओ कॉलवर चालतं का?

चालतं. त्रिसरण-पंचशील भन्ते फोनवरून देऊ शकतात, परित्तपाठ स्पीकरवर ऐकता येतो. भांड्यात पाणी सोडायचं ते मात्र घरातल्या माणसानेच, 'यथा वारिवहा पूरा' सुरू झाल्यावर. फोनला अर्ध्या सेकंदाचा उशीर असतो, म्हणून सगळ्यांनी एकसाथ म्हणायला गेलात तर गोंधळ होतो; भन्तेंनी म्हणायचं, घरातल्या एकाने मागे म्हणायचं, बाकीच्यांचा माइक बंद. गावात बौद्धाचार्य असतील तर विधी त्यांनी करावा आणि भन्तेंनी पडद्यावरून देसना द्यावी. वर्षावासात ही सोय विशेष उपयोगी, कारण तेव्हा भन्तेंना मुक्काम सोडायचा तर ठरावीक कारणासाठी आणि सात दिवसांच्या आत परतायचं असतं.

१८. मग ऑनलाइन श्रामणेर (नवशिका भिक्खू) होणं किंवा उपसंपदा (पूर्ण भिक्खुदीक्षा) का नाही?

संघकर्माला, म्हणजे संघाने मिळून करायच्या विधीला, सीमेच्या (संघाने ठरवलेल्या हद्दीच्या) आत, एकमेकांच्या हत्थपासात, म्हणजे अडीच हातांच्या अंतरात देहाने हजर असावं लागतं. उपसंपदेला मध्यदेशात (गंगेच्या खोऱ्यात) दहा भिक्खू लागतात, बाहेरच्या प्रदेशात विनयधरासह (विनय जाणणाऱ्यासह) पाच. आजारी भिक्खूसुद्धा आपली संमती दुसऱ्या भिक्खूच्या हातीच पाठवतो. श्रामणेरालाही आचार्यांसमोर सरणगमन, म्हणजे त्रिसरण, स्पष्ट उच्चारावं लागतं. आवाज तुटला की 'बुद्धं'चा 'बुद्ध' होतो.

विनयात एक अपवाद आहे आणि तो सांगून लोक वाद घालतात. अड्ढकासी या भिक्खुणीच्या वाटेवर बदमाश टपले होते, म्हणून बुद्धांनी दूताकरवी उपसंपदेची अनुज्ञा दिली. पण तिची भिक्खुणीसंघातली उपसंपदा आधीच झालेली होती, भिक्खुसंघातली तेवढी उरली होती, दूत म्हणून जाणती आणि समर्थ भिक्खुणीच हवी होती, आणि संकट खरं होतं. रेंज नाही किंवा रजा मिळत नाही हे तसं संकट नव्हे.

१९. भन्तेंनी चीवर सोडलं तर जुन्या व्हिडिओंचं काय?

चीवर सोडणं हा अपराध नाही, तेव्हा व्हिडिओ घाईने उडवू नका. धम्म बरोबर सांगितला असेल तर तो बरोबरच राहतो. खालच्या माहितीत नोंद घाला: 'हे रेकॉर्डिंग अमुक वर्षाचं, वक्ते आता गृहस्थ आहेत.' चॅनेलच्या चित्रातून त्यांचा फोटो काढा, दानाचं आवाहन त्या व्हिडिओंखालून काढा. पाराजिकामुळे गेले असतील तर व्हिडिओ 'खासगी' करा आणि ज्येष्ठ भिक्खूंना विचारून पुढचं ठरवा. हे सगळं तेव्हाच जमतं, जेव्हा चॅनेल प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे विहाराच्या नावावर असतं. तसं नसेल तर त्यांना भेटून मालकी बदलून घ्या. ब्रँड अकाउंटवर नवा मालक जोडला की त्याला मुख्य मालक करण्याआधी सात दिवस थांबावं लागतं, तेवढे दिवस जुना पासवर्ड बदलू नका.